बारावीनंतर बायोलॉजी : कॉलेज कसं निवडायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने जूनच्या शेवटच्या रविवारी आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



कमिटीनं व्याख्यानाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "मला पाण्याच्या टाकीवर बोलू द्या, हॉल भरेल." सेक्रेटरी म्हणाले, "काकू, टाकीवर सगळेच बोलतात. तुम्ही ॲडमिशनवर बोला." तर आज टाकीला सुट्टी.

मी चौतीस वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं इथे डोंबिवलीत, याच सोसायटीत राहून. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आमच्या दाराची बेल वाजणार हे ठरलेलं. आधी पेढे, आणि पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न : "काकू, बायोलॉजीला कुठलं कॉलेज चांगलं?" मी वर्षानुवर्षं या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिलं. एका कॉलेजचं नाव सांगायचे आणि पेढा खायचे. निवृत्त झाल्यावर निवांत बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की ते उत्तर अर्धवट होतं, आणि काही वेळा चुकीचंही होतं. आज लांब उत्तर देणार आहे. शेवटी माझ्या स्वतःच्या घरात मी केलेली एक चूकही सांगणार आहे. जिच्याबाबतीत केली तिची परवानगी घेतली आहे. ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आधी घरातला प्रश्न

कॉलेज कुठलं, याच्या आधीचा प्रश्न असा की बायोलॉजी हवी आहे, की डॉक्टरकी मिळाली नाही म्हणून बायोलॉजी उरली आहे?

राग मानू नका. नीटच्या ७२० मार्कांपैकी ३६० बायोलॉजीचे असतात. त्यामुळे दोन वर्षं मुलं बायोलॉजी म्हणजे नीट असंच समजून अभ्यास करतात. देशभरात वीस लाखांच्या वर मुलं ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढे आहेत. म्हणजे बहुतेकांना ती जागा मिळणार नाही हे गणित आधीच ठरलेलं आहे. त्यात मुलाचा काही गुन्हा नाही. पण मग घरात जे वातावरण होतं ना, सुतकासारखं, त्या वातावरणात "जाऊ दे, बीएस्सी कर" असं म्हटलं जातं. मुलगा वर्गात येऊन बसतो तो हरलेला म्हणून. मी अशी मुलं दर वर्षी पहिल्या बाकावर नाही, शेवटच्या बाकावर पाहिली. त्यातली निम्मी पुढच्या नीटचा अभ्यास करत असायची, प्रॅक्टिकलला गैरहजर.

तेव्हा पालकांना विनंती आहे, मुलाला स्पष्ट विचारा. पुन्हा नीट द्यायची असेल तर एक वर्ष उघडपणे द्या, लपूनछपून नको. आणि बायोलॉजी हवी असेल तर तिला पहिल्या पसंतीचा मान द्या.

तुम्हाला कमल रणदिवे हे नाव माहीत असेल. पुण्यात १९१७ साली जन्मल्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये बायोलॉजी शिकवायचे. त्यांची इच्छा होती की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमध्ये बॉटनी-झूलॉजी घेतलं, पुढे मुंबईत कॅन्सरवर संशोधन केलं, पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं तंत्र इथे रुजवलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. कॅन्सरच्या रुग्णांसाठी त्यांनी काही कमी केलं, असं कोणी म्हणेल का?

रस्ते किती आहेत?

आता रस्ते बघू. मोठे रस्ते चार.

पहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : मुंबई किंवा पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. मुंबईत रुईया आहे, झेवियर्स आहे, पुण्यात फर्ग्युसन, एस. पी., गरवारे. आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातही चांगली कॉलेजं आहेत. यातली बरीच आता स्वायत्त झाली आहेत. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची, पण पदवी विद्यापीठाचीच. प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या मार्कांवर मिळतो. मुंबई विद्यापीठाचा ऑनलाइन नोंदणीचा अर्ज आधी भरावा लागतो, आणि तो राहिला म्हणून दर वर्षी कोणाची तरी धावपळ होते. शिवाय स्वायत्त कॉलेजांचे अर्ज वेगळे भरायचे असतात, तारखाही वेगळ्या.

दुसरा रस्ता म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था. आयसर, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स एज्युकेशन अँड रिसर्च. पुणे आणि कोलकाता २००६ साली सुरू झाली, आता देशात सात आहेत : पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम असतो. प्रवेशासाठी आयएटी नावाची परीक्षा असते : साठ प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी यांचे प्रत्येकी पंधरा. याच जातीच्या दोन संस्था म्हणजे भुवनेश्वरची नायसर आणि आपल्या कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातलं सीईबीएस. त्यांची परीक्षा नेस्ट. आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, तिथे चार वर्षांचा संशोधनाचा बीएस आहे.

इथे एक खड्डा आहे, तो नीट ऐका. विशेषतः ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी. आपल्याकडे दहावी झाली की "डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला?" म्हणून मुलं गणित सोडतात. बंगळुरूच्या बीएसला बारावीत गणित लागतंच. आयसरला चार विषयांपैकी तीन असले तरी अर्ज करता येतो, पण परीक्षेत गणिताचे पंधरा प्रश्न समोर येतात आणि प्रवेश मिळाल्यावर सुरुवातीच्या सत्रांत गणित, फिजिक्स सगळ्यांनाच शिकावं लागतं. सी विंगमधला एक मुलगा, नाव सांगत नाही, बारावीनंतर माझ्याकडे आला. डोळे चमकत होते, बंगळुरूला जायचं म्हणाला. मी विचारलं, गणित? तो गप्प. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घेतलेल्या निर्णयानं ते दार बंद झालं होतं आणि त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी त्याच्याच जिन्यावरून रोज जात होते. आजची बायोलॉजी आकडेवारीवर आणि कॉम्प्युटरवर चालते. बायोलॉजी आवडते म्हणून गणित सोडू नका.

तिसरा रस्ता सीयूईटी. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश २०२२ पासून या परीक्षेवर होतात. दिल्लीतल्या जुन्या कॉलेजांत बॉटनी, झूलॉजीचे ऑनर्स अभ्यासक्रम आहेत. बारावीच्या वर्षातच अर्ज भरायचा असतो. निकालानंतर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

चौथा रस्ता खासगी विद्यापीठं. काही खरोखर चांगली आहेत, काहींचं प्रवेशद्वार फक्त चांगलं आहे. फी लाखांत असते. काही ठिकाणी घरच्या उत्पन्नावर शिष्यवृत्ती मिळते, ती लेखी विचारून घ्या. कर्ज काढून फी भरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : बायोलॉजीची नुसती बीएस्सी झाल्यावर मिळणाऱ्या पहिल्या पगारातून तसा हप्ता भरणं कठीण असतं. एमएस्सी धरून पाच वर्षं, पुढे पीएचडी केली तर आणखी पाच-सहा. इतकी वर्षं पुरेल असा पैसा आधी मोजा.

विषयाचं नाव आणि त्याची किंमत

संलग्न कॉलेजात गेलात की विचारतात : बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, लाइफ सायन्स की बायोटेक्नॉलॉजी? पालकांचं बोट बायोटेक्नॉलॉजीवर जातं, कारण ते नाव नवं वाटतं.

आपल्याकडे बॉटनी, झूलॉजी बहुधा अनुदानित असतात, फी कमी असते. बायोटेक्नॉलॉजी बहुधा विनाअनुदानित, फी कितीतरी पट. जास्त फी म्हणजे जास्त चांगलं असं आपण भाजीच्या बाबतीत मानत नाही, इथे का मानतो? बायोटेक्नॉलॉजी उत्तम विषय आहे, पण त्याला महागडी उपकरणं आणि रसायनं लागतात. ती मुलांच्या हातात पडतात का, हे पाहून मगच पैसे भरा.

आणखी एक उदाहरण. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला कुठल्या विषयातली पदवी चालते याची यादी आहे. त्यात बॉटनी आहे, झूलॉजी आहे, केमिस्ट्री आहे. बायोटेक्नॉलॉजीचं नाव नाही. वाघांसाठी काम करायचं म्हणून आलेल्या एका मुलीला तिसऱ्या वर्षात हे समजलं. उलट बाजूनं, झूलॉजी किंवा बॉटनी केलेल्यांना जॅम, गॅट-बी अशा परीक्षा देऊन बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीकडे वळता येतं. म्हणून माझं मत, पदवीला पाया रुंद ठेवावा आणि टोक एमएस्सीला काढावं. पण ज्याला जंतूंचंच वेड आहे त्यानं खुशाल मायक्रोबायोलॉजी घ्यावी. औषधाच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत तपासणीच्या कामाला त्यांची गरज असते.

कॉलेज बघायला जाताना

लग्नाचं स्थळ बघायला आपण चार माणसं जातो, आणि कॉलेज मात्र मोबाइलवर निवडतो. एक दिवस जा. मुलाला घेऊन जा, आणि शक्यतो कामाच्या दिवशी जा.

प्रिन्सिपॉलच्या केबिनपेक्षा प्रयोगशाळा बघा. मायक्रोस्कोप किती आहेत आणि एका मायक्रोस्कोपवर किती मुलं, हे मोजा. कपाटात कुलपात ठेवलेली नवी कोरी उपकरणं दिसली तर हुरळून जाऊ नका. ज्याच्या मुठीवरचा रंग घासून गेला आहे तो मायक्रोस्कोप चांगल्या कॉलेजची खूण. आमच्या वेळी बेडूक आणि झुरळं कापायचो. आता विच्छेदन बंद झालं, ते योग्यच झालं. पण त्याच्या जागी काय आलं, हे विचारा. नुसते तक्ते आणि व्हिडिओ आले, की मुलं तळ्यावर जाऊन पाण्याचे नमुने आणतात, फुलपाखरं मोजतात, डीएनए वेगळा काढतात?

शिक्षकांबद्दल विचारा. विभागात कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, किती? सीएचबीवाले शिक्षक हुशार असतात, कष्टाळू असतात, माझे कितीतरी विद्यार्थी त्या हालात काढताहेत. पण ज्या माणसाला तासाचे पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे माहीत नाही, तो तुमच्या मुलाचा तीन वर्षांचा प्रकल्प कसा हातात घेईल?

चौथ्या वर्षाबद्दल विचारा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. मग या कॉलेजात चौथं वर्ष कुठल्या विषयाला आहे? पीएचडीला मार्गदर्शन करणारे शिक्षक आहेत का? नसतील तर "संशोधन" कोण करून घेणार?

नॅकची श्रेणी आणि एनआयआरएफचा क्रमांक जरूर पहा, पण तो अख्ख्या संस्थेचा असतो. कॉलेज नामवंत आणि बॉटनी विभागात दोनच माणसं, असं मी पाहिलं आहे. त्यापेक्षा विचारा की केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना इथल्या विभागाला मिळाली आहे का. ती २००८ पासून खास पदवीच्या प्रयोगशाळांसाठी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कँटीनमध्ये बसा. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल किती झाली? शेवटची सहल कुठे गेली होती? मागच्या बॅचची मुलं आता कुठे आहेत? माहितीपुस्तक जे सांगत नाही ते या तीन प्रश्नांत बाहेर येतं.

लोकल आणि हॉस्टेल

आपल्यासाठी हा मोठा मुद्दा. डोंबिवलीहून माटुंग्याला किंवा सीएसएमटीला जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास जातात, आणि ते बसून जात नाहीत. बायोलॉजीच्या मुलांना दुपारची प्रॅक्टिकल असतात, घरी येईपर्यंत संध्याकाळ, मग जर्नल. नावासाठी रोज तीन तास गर्दीत घालवायचे की जवळच्या बऱ्या कॉलेजात जाऊन ते तीन तास वाचनाला द्यायचे, हा हिशोब ज्याच्या त्याच्या तब्येतीचा आहे. ज्यांना झेपतं त्यांनी जावं. मोठ्या कॉलेजात आपल्यापेक्षा हुशार मुलं भेटतात, तोही एक अभ्यासच. पण मुलाच्या पायांचा हिशोब बापानं करू नये.

हॉस्टेलबद्दल एवढंच म्हणते, मुलगा असेल तर "जग बघेल" आणि मुलगी असेल तर "इतक्या लांब कशाला" ही दोन वाक्यं एकाच घरात ऐकू येऊ नयेत. आता मी माझ्या चुकीकडे येते.

माझ्या घरातली गोष्ट

माझ्या मुलीला लहानपणापासून किड्यांचं वेड. आपल्या सोसायटीच्या मागे तेव्हा मोकळं मैदान होतं, तिथून ती काड्यापेटीत भुंगे आणायची. बारावीनंतर तिला परगावच्या एका चांगल्या विद्यापीठात जागा मिळत होती, हॉस्टेलसह. पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, "इतक्या लांब कशाला? आपलं कॉलेज आहे ना." आपलं म्हणजे माझं. माझ्याच विभागात तिचं नाव घातलं. मला वाटलं मी तिची सोय केली. सोय माझी झाली होती.

तीन वर्षं ती माझ्या वर्गात बसली आणि तीन वर्षांत तिनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला तर आईला उत्तर आलं नाही तर काय, आणि आलं तर मैत्रिणी म्हणणार, घरून ठरवून आले आहेत. चांगले मार्क मिळाले तर मॅडमची मुलगी म्हणून, कमी मिळाले तर मॅडमची मुलगी असून. हे मला तेव्हा दिसलं नाही. मी रोज तिच्यासमोर उभी राहून कीटकांचे डोळे शिकवत होते.

बीएस्सी झाली, फर्स्ट क्लास मिळाला, आणि तिनं बँकेची परीक्षा दिली. आज ती बँकेत चांगल्या पदावर आहे, तिचं सगळं छान चाललं आहे. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? मीही वीस वर्षं तेच म्हणत होते. मागच्या वर्षी दिवाळीत माळा साफ करताना ती काड्यापेट्यांची पेटी सापडली. भुंग्यांची भुकटी झाली होती. ती हसत म्हणाली, "आई, तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस." एवढंच. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना विचारत होते, तुला काय आवडतं. घरातल्या मुलीला विचारलं नाही.

आता तिची मुलगी, माझी नात, यंदा बारावी झाली. तिला वनस्पती आवडतात. तिनं आयएटी दिली आणि ब्रह्मपूरच्या आयसरला, म्हणजे ओडिशात, नंबर लागेल असं दिसतं आहे. मुंबईतल्या एका कॉलेजात बॉटनीसाठी फी भरून जागाही धरून ठेवली आहे. मागच्या आठवड्यात जेवताना विषय निघाला आणि माझी मुलगी पटकन म्हणाली, "इतक्या लांब कशाला?" म्हणाली आणि स्वतःच थांबली. माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी काही बोललो नाही. नात म्हणाली, "तुम्ही दोघी अशा का बघताय?"

तिला मी माझं मत सांगितलेलं नाही. मत आहे, चांगलंच पक्कं आहे. पण ते पोटात ठेवलं आहे. तिनं जे विचारलं तेवढंच सांगितलं : फी, अभ्यासक्रम, एमएस्सी वेगळी करावी लागेल की नाही, कुठे कसले शिक्षक आहेत. मुंबईचं कॉलेज बघायला तिच्याबरोबर गेले, चहा मी पाजला, प्रश्न तिनं विचारले. निर्णय ती देणार आहे आणि तो चुकला तर तो तिचा चुकलेला असेल. स्वतःचा चुकलेला निर्णय दुरुस्त करता येतो. दुसऱ्यानं घेतलेला नुसता सहन करावा लागतो.

निवड झाल्यावर

जाता जाता मुलांसाठी दोन शब्द.

हवं ते कॉलेज मिळालं नाही तर आयुष्य संपत नाही. माधव गाडगीळ फर्ग्युसनमध्ये बीएस्सी झाले, मुंबईत एमएस्सी, आणि तिथून हार्वर्डला गेले. मेंदूवर संशोधन करणाऱ्या शुभा तोळे झेवियर्समधून कॅलिफोर्नियाला गेल्या आणि परत येऊन इथे टीआयएफआरमध्ये त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. दोघांचीही सुरुवात आपल्यासारख्याच कॉलेजांच्या बाकांवरून झाली.

तुम्ही कुठेही असा, पहिल्या वर्षापासून तीन गोष्टी करा. एक, देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. लहान कॉलेजच्या मुलाला मोठी प्रयोगशाळा बघायची ती उत्तम खिडकी आहे. दोन, बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर मूलभूत विज्ञानासाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. त्या वर्षीचे नियम बघून वेळेत अर्ज करा. तीन, एक शिक्षक शोधा. अख्खं कॉलेज चांगलं असायची गरज नाही. एक शिक्षक, एक मायक्रोस्कोप आणि दोन अभ्यासू मित्र, एवढ्यावर बीएस्सी उत्तम होते.

आणि पालकांनो, पुढच्या वर्षी पेढे घेऊन जरूर या. पण बेल वाजवाल तेव्हा मुलाला पुढे उभं करा. मी प्रश्न त्यालाच विचारणार आहे.

टाकीचं काय ते आता अध्यक्ष बोलतील.

ता. क. : स्मरणिकेचं काम पाहणाऱ्यांनी विचारलं, "काकू, नातीचं काय झालं ते लिहा, लोक विचारताहेत." तर, ब्रह्मपूरला नंबर लागला होता. नातीनं चार दिवस विचार केला आणि मुंबईचं कॉलेज निवडलं. सकाळच्या फास्ट लोकलनं जाते, उभी. कारण विचारलं तर म्हणाली, "आजी, तिथल्या मॅडम पावसाळ्यात मुलांना घाटात घेऊन जातात आणि मला आधी सह्याद्रीतली झाडं ओळखायची आहेत. आयसरला एमएसनंतर, पीएचडीला जाईन." माझं मत वेगळं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. गेल्या रविवारी ती चिखलाचे बूट घेऊन घरी आली, जिन्यात सगळीकडे चिखल. ए विंगच्या जिन्याबद्दल सेक्रेटरींकडे जी तक्रार आली आहे ती आमचीच. दिलगीर आहे.